ऑफलाइन नकाशा घेताय? या चुका घरीच टाळा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं होतं आणि आम्ही सात-आठ जण घरोघरी औषधं पोचवत होतो. नेट गेलेलं. फोनवर निळा ठिपका अगदी बरोबर जागी होता, पण त्याच्या भोवती नुसते करडे चौकोन. आदल्या रात्री घरच्या वायफायवर मी तो सगळा भाग बोटाने सरकवून बघून ठेवला होता आणि नकाशा फोनमध्ये आला असं धरून चाललो होतो. शेवटी दाराशी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका मावशींनी वाट सांगितली.

बघितलेला नकाशा म्हणजे उतरवलेला नकाशा नव्हे. नुसता बघितलेला भाग तात्पुरत्या साठ्यात राहतो आणि फोनला जागा लागली की पुसला जातो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारखी ॲप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा फाइल म्हणून उतरवून घेतात, तेच वापरा. मग घरात बसूनच एअरप्लेन मोड लावा, फोन बंद करून सुरू करा आणि तीन गोष्टी करून बघा: एखादी गल्ली पूर्ण जवळ आणा, एक दवाखाना नावाने शोधा, दोन ठिकाणांमधला रस्ता मागा. काही ॲपमध्ये चित्र फोनमधलं असतं, पण शोध आणि रस्ता सर्व्हरवरून येतो. हे गल्लीत उभं राहून कळण्यात अर्थ नाही.

जीपीएसला नेट लागत नाही, हे खरं. पण उपग्रहांची माहिती फोन एरवी नेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातात. दोन इमारतींच्या सांदीत उभं राहून ‘जीपीएस बिघडलं’ म्हणू नका. मोकळ्या मैदानात या आणि थांबा.

दुसरी चूक मला मनापासून खटकते. काही जण ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य सर्व्हरवरून नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, हजारोंनी ओढतात. झूमची पातळी एकाने वाढली की टाइल्स चौपट होतात. मुंबईपुरता हिशोब केला तर सतराव्या पातळीला सुमारे १२ हजार आणि एकोणिसाव्याला जवळपास १ लाख ९२ हजार. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो, असं उतरवणं नियमांत बसत नाही आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरची तुमची ओळख, तिथे बंद होऊ शकतो. संगणकावर स्वतःचा नकाशा बनवायला कच्चा डेटा हवा असेल तर जिओफॅब्रिक या साइटवर भारताचे विभाग रोजच्या रोज ताजे मिळतात. पश्चिम विभाग घ्या, त्यातून मुंबई कापा.

कापताना चौकटीचे, म्हणजे हव्या त्या भागाच्या चार कडांचे, आकडे उलटे पडतात. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, ऑस्मियम या कापायच्या प्रोग्रामला रेखांश आधी लागतो. क्रम असा: पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. मुंबईसाठी ७२.७७, १८.८९, ७२.९९, १९.२८. एखादा बिंदू उलटा भरलात तर मुंबई थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. फाइल रिकामी आली की सगळ्यात आधी हेच तपासा.

आणि समुद्रावरूनच, ‘माझ्या नकाशात समुद्रच नाही’ ही तक्रार मुंबईकरांकडून हमखास येते. फाइल क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशाच्या प्रोग्राममध्ये उघडली की रस्ते दिसतात, इमारती दिसतात, पण अरबी समुद्राच्या जागी कोरा कागद. फाइल फुटलेली नसते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये समुद्र आकार म्हणून काढलेलाच नाही. फक्त किनाऱ्याची रेघ आहे, तीही दिशा धरून: जमीन डाव्या हाताला, पाणी उजव्या. त्या रेघांपासून तयार केलेले पाण्याचे आकार ओएसएमडेटा या साइटवर वेगळे मिळतात. ते उतरवा, मुंबईच्या चौकटीत कापा आणि सगळ्यांत खालच्या थरात ठेवा. तलाव किंवा राष्ट्रीय उद्यान अर्धवट दिसत असेल तर कारण वेगळं आहे: कापताना मोठ्या आकाराच्या कडा चौकटीबाहेर राहिल्या. ऑस्मियममध्ये ‘स्मार्ट’ पद्धत निवडून पुन्हा कापा.

अंतर मोजताना डेटा अंशांत आहे हे विसरू नका. मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करून मीटरमध्ये मोजायची पद्धत, लावा. वेबवरच्या नकाशांच्या नेहमीच्या वेब मर्केटर प्रक्षेपणावर सरळ मोजलंत तर आपल्या अक्षांशावर किलोमीटरमागे ५०-६० मीटर जास्त येतात.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली असतील तर बहुतेक वेळा दोष शेपफाइल या नकाशा साठवायच्या जुन्या फाइल-प्रकाराचा असतो. लिपीची नोंद हरवते, रकान्यांची नावं दहा अक्षरांवर तुटतात. जिओपॅकेज या नव्या प्रकारात साठवा, त्रास संपतो. ॲपमध्ये नकाशाची भाषा मराठी करा, पण शोधताना जुनं नावही टाकून बघा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ साली झालं, तरी लोकांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत.

फाइलची तारीखही बघा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली. त्या मधल्या काळात जुनी फाइल घेऊन निघालेल्याला फोनने सरळ बंद पुलाकडे नेलं असतं. जूनच्या आधी एकदा सगळं ताजं करा. नकाशा छापून वाटणार असाल तर कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ लिहा. परवान्याची ती अट आहे.

शेवटची अडचण खास आपल्या शहराची. रुळांच्या पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर फोन कधी कधी दीड-दोन किलोमीटरचा वळसा दाखवतो, आणि पादचारी पूल तर समोरच दिसत असतो. बहुतेकदा तो नकाशात नसतो, किंवा असूनही त्याचा जिना खालच्या रस्त्याला जोडलेला नसतो. दोन टोकं चिकटलेली दिसली तरी त्यांचा बिंदू सामाईक नसेल, तर ॲपच्या लेखी तो रस्ताच नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, ब्राउझरमध्ये आपल्या स्टेशनचा पूल गाठा, जिन्याचं टोक ओढून रस्त्यावर टेकवा आणि जतन करा. पाचेक मिनिटांचं काम आहे. ॲपचा पुढचा नकाशा आला की तोच रस्ता पुन्हा मागून बघा.