झाडाला त्रास हॅमॉकपेक्षा टार्पच्या दोरीचा: या चुका टाळा

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, घेताना हल्ली बहुतेक जण तो खोडाला बांधायला सोबत रुंद पट्टे घेतात. चांगली गोष्ट आहे. मग पावसाची, दवाची आठवण होते आणि वर टार्प, म्हणजे छतासारखं ताणायचं पाणी न झिरपणारं कापड, बांधायला सॅकच्या तळातून निघते ती तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी. ती थेट खोडाला, करकचून. टार्पला कुठे वजन असतं, हा त्यामागचा हिशोब. वजन नसतं हे खरं, पण त्यात वारा भरतो. रात्रभर कापड फडफडतं, दोरी खोडावर पुढे-मागे सरकते आणि साल करवतीने कापावी तशी कापली जाते. सकाळी दोरी सोडल्यावर खोडाभोवती ओलसर, फिकट रेघ दिसली आणि दोरीला भुसा चिकटलेला असला, तर घाव वरच्या मेलेल्या सालीत थांबलेला नाही.

पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. त्याच्याच खाली कॅम्बियमचा पातळ थर असतो, खोड जाड होतं ते त्याच्यामुळे. हे दोन्ही थर सगळीकडून गोल कापले गेले की मुळं उपाशी राहतात. झाड काही काळ वरून हिरवं दिसतं, मग वाळतं. एका रात्रीत असं होत नाही. पण तळ्याकाठी, पठाराच्या कडेला चांगल्या अंतरावर उभी असलेली दोन झाडं प्रत्येक ग्रुपच्या नजरेत तीच भरतात. शनिवारमागून शनिवार त्याच दोन खोडांवर, त्याच उंचीवर दोऱ्या पडतात.

दोरी खोडाला लागूच देऊ नका

टार्पलाही पट्टा वापरा. निदान २५ मिलिमीटर रुंद हवा. जुन्या सॅकचा चालतो, गाडीच्या सीटबेल्टचा तुकडा तर उत्तमच. पट्टा खोडाभोवती फिरवायचा, दोन्ही टोकांच्या फाशांत एक कॅरॅबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी) अडकवायचा आणि दोरी त्या कॅरॅबिनरला बांधायची. फडफड काय व्हायची ती कॅरॅबिनरवर होते. पट्टा नसेल तर गोणपाटाची जाड घडी खोड आणि दोरी यांच्यामध्ये ठेवा. तेही नसेल तर बोटाएवढ्या जाड वाळक्या काटक्या दोरीखाली उभ्या, एकमेकींना लागून खोचा. काटक्या खाली पडलेल्याच घ्यायच्या. झाड वाचवायला शेजारच्या झाडाच्या फांद्या मोडणारेही भेटतात!

रात्री टार्प सैल पडतो, मग माणूस उठून आवळतो

नायलॉन भिजलं की लांबतं. रात्री दोन वाजता टार्पच्या पोटात पाणी साठतं, झोपेतला माणूस जोर लावून दोरी ताणतो आणि सकाळी उन्हात तीच दोरी आखडून सालीत रुतते. पॉलिएस्टरची दोरी भिजून एवढी ताणली जात नाही, तेव्हा मुख्य दोरी तीच घ्या. चार कोपऱ्यांना इलॅस्टिकचे वीतभर तुकडे जोडा, वाऱ्याचा झटका ते गिळतात. एक कोपरा थोडा खाली ओढून ठेवला की पाणी साठत नाही आणि मध्यरात्रीचं आवळणं मुळातच टळतं.

कोपऱ्यांच्या दोऱ्या जवळच्या रोपट्यांना किंवा कारवीला बांधू नका. वाऱ्यात रोपटं मुळासकट हलतं, कोवळी साल सोलवटते. मेखा ठोका. कातळावर मेख शिरत नाही, तिथे दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा.

पट्टा घसरतो म्हणून खाच किंवा खिळा

हे अजिबात नको. गुळगुळीत सालीवर पट्ट्याचा एक वेढा जास्त दिला की घर्षणाने तो जागेवर राहतो. तरीही घसरत असेल तर बहुधा हॅमॉकच फार ताठ बांधलेला असतो. ७५ किलोचा माणूस झोपला आणि पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक झाडावर साधारण ७५ किलोचाच ताण येतो. कोन १० अंशांवर आणलात की तोच ताण २१५ किलोच्या वर जातो. म्हणजे थोडा झोळ ठेवलेला बरा, पाठीलाही आणि झाडालाही.

कोणतं झाड?

१५ सेंटीमीटरपेक्षा कमी व्यासाचं खोड सोडून द्या. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळ साल बरंच सोसते. जून आंबाही चालतो, मात्र वर वाळकी फांदी नाही ना आणि ओंबिलांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) पानांची घरटी नाहीत ना, हे मान वर करून बघा. खोडावर आमरी (ऑर्किड) किंवा शेवाळाची गादी असेल तर ती खरवडून जागा करू नका, दुसरं झाड शोधा. बिब्बा ओळखता येत नसेल तर अनोळखी झाडाच्या ताज्या चिकाला हात लावू नका, अंगावर फोड येतात.

किनाऱ्यावर सगळ्यांना माडच हवा असतो, फोटोसाठी. माडाला कॅम्बियम नसतो, त्यामुळे खोडावरची जखम भरून येत नाही आणि तशा जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. वरून नारळ पडायची भीती वेगळीच. माडाखाली टार्प लावायचाच नाही, हे माझं मत.

देवराईतल्या झाडाला काहीच बांधू नये. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत, तिथे मुक्कामाचं आधी वनखात्याला विचारावं.

साल सोलवटलीच तर त्यावर शेण, माती, रंग काही थापू नका. लोंबती साल ओढून काढू नका, जखम उघडी, कोरडी राहू द्या. झाड कुणाच्या बागेतलं असेल तर निघण्याआधी मालकाला दाखवा, बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची का ते तो ठरवेल.