बेवारस मृतदेहाची दातांवरून ओळख कशी पटवावी

पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी लागलेल्या देहाचा चेहरा दोन-तीन दिवसांतच ओळखण्यापलीकडे जातो. अशा वेळी नातेवाइकांनी कपडे बघून ‘तोच’ म्हटलं तरी ती ओळख पक्की धरू नये. इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही तीनच प्राथमिक साधनं आहेत. त्यातले दात सर्वांत चिवट, कारण इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाचा, सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो.

दंतवैद्याला शवागारात बोलावणं येण्याआधीच काम बिघडू शकतं. देह सडला की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात आणि एका मुळाचे पटाशीचे दात व सुळे आपोआप गळतात. म्हणून देह उचलण्याआधी डोक्याला वेगळी पिशवी बांधायला पोलिसांना सांगून ठेवा. सांगाडा असेल तर कवटीखालची वाळू बारीक चाळणीने चाळून घ्यावी. जळालेले दात बोट लागताच भुगा होतात. त्यांवर जागेवरच पारदर्शक लॅकर फवारा, मग हलवा.

पंचनामा आणि तपासणीचं लेखी पत्र हातात आल्यावरच तोंड उघडा. जबडा आखडला असेल तर जोर लावू नका, काही तास थांबा. गोव्याच्या उकाड्यात ताठरपणा लवकर उतरतो. जबडा कापून काढायची घाई तर मुळीच नको. घरच्यांना शेवटचं दर्शन घ्यायचं असतं. कापावाच लागला तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने, आणि वरचा छेद मुळांच्या टोकांच्या बराच वर घ्या. मुळं कापली गेली तर एक्स-रेची तुलनाच संपली.

साफ करण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग मऊ ब्रश आणि पाणी. एकाने बघून सांगावं, दुसऱ्याने तक्त्यात लिहावं, नंतर जागा बदलून पुन्हा तपासावं. क्रमांक दोन आकड्यांचा वापरा. पहिला आकडा भागाचा: वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा दाताचा, मधल्या पटाशीपासून मागे अक्कलदाढेपर्यंत १ ते ८. उजवा म्हणजे मृताचा उजवा, तुमचा नव्हे. दाताच्या रंगाचं फिलिंग नुसत्या डोळ्यांनी हमखास सुटतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली ते बहुधा वेगळं चमकतं. सगळ्या दातांचे एक्स-रे घ्या. नुसत्या हाडांवर एक्स्पोजर निम्म्यावर आणा, नाहीतर फिल्म काळी पडते.

रिकाम्या खोबणीकडे नीट बघा. कडा धारदार आणि आत नवीन हाड भरलेलं नसेल तर दात मृत्यूनंतर किंवा त्याच्या अगदी आसपास गेलेला. कडा गोल, खोबण भरलेली असेल तर तो पूर्वीच काढलेला. दोन्हींसाठी ‘दात नाही’ एवढंच लिहिलं की पुढची तुलना फसते.

हा तक्ता सही करून बंद होईपर्यंत जिवंतपणीचे कागद बघायचे नाहीत. आधी बघितले की डोळा तेच शोधतो.

ते कागद मिळवणं हेच खरं कष्टाचं. आपल्याकडे ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि सुटे एक्स-रे बहुतेक वेळा पेशंटच घरी नेतो, म्हणून दवाखान्याच्या आधी घरचं कपाट विचारा. जुनी कवळी, तारा लावताना घेतलेले प्लास्टरचे साचे, गोवा डेंटल कॉलेजचा केसपेपर, जहाजावर जाण्याआधीच्या तपासणीचे कागद, काहीही चालेल. ट्रॉलरवर खलाशी म्हणून आलेल्या परप्रांतीय माणसाचं दवाखान्यात नाव नसलं तरी मोबाइलमध्ये हसतानाचा सेल्फी असतो. पुढच्या दातांची वाकडी ठेवण, फट किंवा तुटलेला कोपरा त्यात दिसतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो दबलेला असतो, मूळ फाइल मागा. परदेशी पर्यटकाचे कागद पोलिसांमार्फत, सीबीआयच्या इंटरपोल शाखेतून मागवावे लागतात.

इथे एक सापळा आहे. अमेरिकेत दात १ ते ३२ असे मोजतात. तिथला १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ, म्हणजे आपली ३७. आपला १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. आकडा उतरवण्याआधी पद्धत विचारून घ्या. जुनी फिल्म उलटी धरली की डावं-उजवं बदलतं; फिल्मवरचा उंच ठिपका बघूनच ती लावा.

तुलनेत फरक दोन प्रकारचे असतात. कागदावर दात आहे, देहात नाही. किंवा फिलिंग आता मोठं आहे. असे फरक काळाने पडू शकतात, हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार अशक्य फरकांचा: कागदावर ४६ काढल्याची नोंद आणि देहात ४६ शाबूत, हे शक्यच नाही. एवढ्या एका फरकावर दहा जुळणाऱ्या गोष्टी पडतात. मात्र नकार लिहिण्याआधी त्या दंतवैद्याला फोन करा; ३६ च्या जागी ४६ लिहिलेलं निघण्याची शक्यता असते. किती गोष्टी जुळल्या म्हणजे पुरे, याचा ठरावीक आकडा नाही. रूट कॅनॉल केलेल्या एका दाढेच्या एक्स-रेमधला भरावाचा आकार पुरेसा ठरू शकतो; तो एक्स-रे त्याच कोनातून पुन्हा काढा.

अहवालात चारपैकी एकच निष्कर्ष द्या: ओळख निश्चित, ओळख संभाव्य, पुरावा अपुरा किंवा ती व्यक्ती नव्हे. पुरावा अपुरा असेल तर न किडलेली, फिलिंग नसलेली एक दाढ डीएनएसाठी काढून वाळवा आणि कागदी पाकिटात सील करा. फॉर्मलिनमध्ये मुळीच टाकू नका, त्यात डीएनएचे तुकडे होतात.