पीसीवर वायफाय-ब्लूटूथ चालून नाही राहिलं? आधी चिप शोधा, मग ड्रायव्हर

विंडोज नवीन टाकलं आणि वायफायचं चिन्हच गायब, किंवा नागपूरच्या बर्डीवरून यूएसबीत लावायचं वायफाय डोंगल आणलं, त्याचा लाइट लुकलुकते पण नेटवर्क काही दिसून नाही राहिलं, असं झालं की बहुतेक जण गूगलवर डोंगलच्या कंपनीचं नाव टाकतात, पुढे ड्रायव्हर डाउनलोड लिहितात आणि जी पहिली लिंक येईल तिथून काहीतरी उचलून टाकतात. इथंच झोल होतो. डब्यावर नाव कोणाचंही असू द्या, आतली चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, रिअलटेक, मीडियाटेक, इंटेल, क्वालकॉम, ब्रॉडकॉम वगैरे, आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते हार्डवेअर चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, लागतो तो चिपचा. एकाच मॉडेलच्या व्हर्जन 1 आणि व्हर्जन 2 मधे चिप वेगळी निघू शकते. डोंगलवर बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं, चष्मा लावून बघा.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्समधे वायफायचं नाव व्यवस्थित दिसत असेल, कुठलीही खूण नसेल, तर ड्रायव्हर आहे, भानगड दुसरीकडे आहे. नावावर खाली जाणारा बाण असेल तर ते कोणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून इनेबल करा, विषय संपला. पिवळं चिन्ह असेल आणि आत कोड 28 लिहिलं असेल तर ड्रायव्हरच नाही. आणि काहीच दिसत नसेल, अदर डिव्हायसेसमधे पण नाही, तर मग ड्रायव्हरच्या मागे लागू नका, आधी पोर्ट बदला, डोंगल दुसऱ्याच्या पीसीला लावून बघा, मदरबोर्डचं वायफाय असेल तर बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधे, बंद तर नाही ना ते बघा.

पिवळ्या चिन्हावर डबल क्लिक करा, डिटेल्स टॅबमधे जा, यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथं जी लांबलचक ओळ येते ना, तीच खरी कुंडली. यूएसबीवाल्यात व्हीआयडीच्या पुढे 0बीडीए असेल तर चिप रिअलटेकची. आत बसणाऱ्या कार्डात व्हीईएनच्या पुढे 8086 म्हणजे इंटेल, 10ईसी म्हणजे रिअलटेक, 14सी3 म्हणजे मीडियाटेक. आता लॅपटॉप असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर, मदरबोर्डचं वायफाय असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर, आणि डोंगल असेल तर डोंगलच्या कंपनीच्या साइटवर आपलं व्हर्जन निवडून ड्रायव्हर घ्या. कुठंच नाही भेटला तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची साइट आहे, तिथं हार्डवेअर आयडीच्या त्याच ओळीतला व्हीआयडी-पीआयडीवाला तुकडा सर्चमधे टाका. कॅब फाइल येते, झिपसारखीच दाबून भरलेली, ती एका फोल्डरमधे उघडा, मग डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर करून तो फोल्डर दाखवा.

पण नेटच नाही तं डाउनलोड कसं करायचं? मोबाइल चार्जिंगच्या केबलने पीसीला लावा, अँड्रॉइडमधे हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने पीसीला देणं, असतं, ते चालू करा. विंडोज 10 आणि 11 ला त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि फोन घरच्या वायफायला जोडलेला असला तर बहुतेक फोनमधे तेच नेट केबलमधून जातं, डेटा पॅक पण उडत नाही. केबल मात्र डेटावाली पाहिजे, फक्त चार्जिंगची चालत नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला तेव्हापासून जो तो 11 टाकून राहिला, आणि 11 चं सेटअप मधेच नेटवर्क मागतं, वायफायचा ड्रायव्हर नसला की माणूस त्याच स्क्रीनवर अडकतो. तिथंही हीच केबल कामी येते.

काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. घाबरू नका, डोंगल बोगस नाही, ड्रायव्हर त्याच्या पोटातच ठेवलेला असतो, ती ड्राइव्ह उघडून सेटअप चालवा, मग ते वायफाय म्हणून उठतं.

आणि हो, ते एका क्लिकमधे सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारे फुकटे सॉफ्टवेअर, त्यांना घरात घेऊ नका. चालू असलेला ड्रायव्हर बदलून टाकतात आणि वरून पैसे मागतात. जे चालतंय त्याला कशाला बोट लावायचं बापा. विंडोज अपडेटनंतर वायफाय बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे त्या अडॅप्टरच्या ड्रायव्हर टॅबमधे रोल बॅक ड्रायव्हर बघा, जुना शिल्लक असेल तर बटण दाबता येतं.

आता ड्रायव्हर बरोबर आहे तरी नेट तुटते, ही तक्रार आपल्या नागपुरात उन्हाळ्यात हमखास वाढते. पारा 45 ला गेला की खिडकीत लोखंडी कूलर बसतो, टाकीभर पाणी, आणि राउटर नेमका हॉलमधे त्या कूलरच्या पलीकडे. पत्रा सिग्नल अडवतो, पाणी शोषून घेतं, मग पीसीवर एकच कांडी. महालातल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती असल्या तं अजूनच. राउटर कूलरच्या रेषेतून बाजूला, थोडा उंच ठेवा. डोंगल सीपीयूच्या मागे खुपसलेलं असेल तर अख्खा पत्र्याचा डबा मधे येतो, एक यूएसबी एक्सटेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. आणि ते शक्यतो निळ्या यूएसबी 3 पोर्टाजवळ नको, त्या पोर्टांचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झमधे शिरतो, इंटेलने 2012 मधेच यावर पेपर काढला होता. वायरलेस माउस अडखळत असेल तर तेही बरेचदा याच्यानंच, बाजूला यूएसबी 3 ची हार्ड डिस्क लावलेली असते. डब्यावर 150 एमबीपीएस लिहिलेलं स्वस्त डोंगल फक्त 2.4 चं असतं, त्याला राउटरचं 5 गिगाहर्ट्झवालं नाव कधीच दिसणार नाही, कितीही ड्रायव्हर बदला. मदरबोर्डाच्या वायफायचे अँटेना बॉक्समधेच पडून राहतात हे पण खूप बघितलंय, मागे दोन सोनेरी स्क्रू दिसतील, तिथं ते पिळून बसवायचे असतात.

पीसी झोपेतून उठल्यावर वायफाय जात असेल तर अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या वाली टिक काढा. आणि शटडाउन करून चालू केलं तरी फरक नाही म्हणत असाल तर रीस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमधे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, ड्रायव्हर होता तसाच परत येतो.

ब्लूटूथचं वेगळं नाटक. डेस्कटॉपमधे वायफाय-ब्लूटूथ एकत्र असलेलं कार्ड बसवलं आणि वायफाय चाललं पण ब्लूटूथ दिसून नाही राहिलं तर कॅबिनेट उघडा. कार्डाचं वायफाय स्लॉटमधून चालतं पण ब्लूटूथ एका बारीक वायरने मदरबोर्डाच्या यूएसबी पिनांना जोडावं लागतं, ती वायर लोंबकळत असते. आधीपासून ब्लूटूथ असलेल्या पीसीला वरून डोंगल लावलं तर आतलं डिसेबल करा, विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ नीट सांभाळतं. हेडफोनवर गाणी झकास पण मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा, काऊन? तर त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की ते हँड्सफ्री मोडमधे जातं आणि आवाजाची क्वालिटी पडते, तिथं ड्रायव्हरचा दोष नाही. मीटिंगच्या सेटिंगमधे माइक वेबकॅमचा किंवा लॅपटॉपचा निवडा.

फॉरमॅट मारायच्या आधी चालू असलेले ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्हमधे रिकामं फोल्डर बनवा, सीएमडी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, पीएनपीयूटिल लिहा, स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस आणि त्या फोल्डरचा पत्ता, एंटर. नवीन विंडोज टाकल्यावर अपडेट ड्रायव्हरमधे तेच फोल्डर दाखवायचं, सबफोल्डरची टिक ठेवायची.