इजिप्तच्या प्राचीन स्त्रीमूर्तींवर लिहिताना या चुका टाळा

नग्न बाईची छोटी मूर्ती दिसली की ‘मातृदेवता’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात जुनी खोड. ब्रुकलिन संग्रहालयातली ती हात उंचावलेली, पक्ष्यासारख्या तोंडाची मूर्ती घ्या. १९०७ मध्ये मामारियाच्या दफनभूमीत मिळाली, इ.स.पू. ३५००च्या आसपासची. तिच्यावर ना नाव, ना ओळख पटेल असं देवीचं चिन्ह. आपल्या वाचकाला असल्या मूर्ती पाहून लज्जागौरी आठवते. आठवू द्या, नातं मात्र जोडू नका.

कबरीत सापडली म्हणजे मेलेल्या पुरुषाची ‘रखेल’, हाही जुन्या पुस्तकांतला लाडका शब्द. पण अशा मूर्ती बायकांच्या आणि मुलांच्या कबरींत निघाल्यात, घरांत निघाल्यात, हाथोर या प्रेम आणि मातृत्वाच्या देवीच्या देवळांतही निघाल्यात. बर्लिनमधल्या एका मूर्तीवर तर मागणंच लिहिलंय: तुझ्या मुलीला, सेहला, मूल होऊ दे. हे गाऱ्हाणं बहुधा वारलेल्या बापाला घातलेलं. रखेलीचा इथे संबंध काय?

मध्य राज्यकाळातल्या (सुमारे इ.स.पू. २०५०–१६५०) निळ्या फायान्सच्या, म्हणजे चकाकी दिलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थाच्या, मूर्ती गुडघ्यांपाशी संपतात. त्यांना ‘भग्न’ म्हणू नका, त्या घडवल्याच तशा. कमरेला कवड्यांचा पट्टा, मांड्यांवर ठिपके. हे ठिपके नुसती नक्षी नव्हेत. १८९१ मध्ये देर अल-बहरीला सापडलेल्या अमुनेत या हाथोरच्या पुजारणीच्या ममीवर ठिपक्या-रेघांचं तसलंच गोंदण आहे.

मातीच्या मूर्तींबाबत नेमकी उलटी चूक होते: त्यांचं मोडणं निव्वळ अपघात समजलं जातं. कर्नाकच्या मूत देवीच्या आवारातल्या कितीतरी मूर्ती धडाशी तुटलेल्या मिळाल्या. पडून फुटल्या असत्या तर आधी मान किंवा पावलं गेली असती; जाड धड असं सहजी तुटत नाही. या मूर्तींच्या अभ्यासक एलिझाबेथ वाराक्सा यांच्या मते त्या मुद्दाम मोडल्या. नेदरलँड्समधल्या लायडनच्या एका पपायरसात (प्राचीन इजिप्ती हस्तलिखितात) पोटदुखीवरचा मंत्र मातीच्या स्त्रीमूर्तीवर म्हणायला सांगितलाय, म्हणजे दुखणं तिच्यात उतरतं. काम झालं की मोडायची, टाकून द्यायची. म्हणून लेखासोबतच्या फोटोत चेहरा नसला तरी चालेल, तुटलेली कड जवळून हवीच. दोन तुकडे नुसते जोडून दाखवले की निम्मी गोष्ट पुसली जाते.

आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली तेरा सुया टोचलेली बाईची मूर्ती या रांगेत बसवू नका. ती रोमन काळातली, ग्रीक मंत्र कोरलेल्या शिशाच्या पत्र्यासकट मडक्यात पुरलेली. सारापम्मोन नावाच्या माणसाला टोलेमाइस नावाची बाई वश करून हवी होती.