नवी मुंबईत कॉलेजचं पहिलं वर्ष: मेस कशी लावावी आणि नीट कसं जेवावं

दर पावसाळ्यात लातूर, जळगाव, यवतमाळ, सांगलीकडून शेकडो मुलंमुली नेरूळ, खारघर, वाशी, ऐरोली, कामोठ्याच्या कॉलेजांत दाखल होतात. खोली, लोकलचा पास, आयकार्ड यांत पहिला आठवडा निघून जातो. जेवणाचं मात्र कुणी ठरवत नाही. रूममेट जिथे जातो तिथे आपणही जातो आणि महिन्याचे पैसे भरून मोकळे होतो.

इथे जरा थांबा. खाण्यासाठी घरून येणारे सगळे पैसे मेसला देऊ नका. मेस दोन वेळा पोट भरते. सकाळची न्याहारी, संध्याकाळी पाचची भूक, फळ, दूध, रविवारची रात्र यांतलं काहीच तिच्यात नसतं, आणि पहिल्या वर्षी तब्येत ढासळते ती याच जागी. म्हणून महिन्याच्या खाण्याच्या पैशांतला चौथा हिस्सा आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत बसेल ती मेस लावा.

१. आधी वेळापत्रक हातात घ्या

पहिले आठ-दहा दिवस रोजचे पैसे देऊन जेवा, अगदी थोडे जास्त पडले तरी. तेवढ्यात कॉलेजचं वेळापत्रक आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरतात. मग एका कागदावर आठवडा मांडा: दुपारी एकला मी कुठे असेन, रात्री नऊला कुठे असेन, शनिवार-रविवार घरी जाणार का. महिन्याच्या मेसचा खरा भाव या कागदावरून कळतो.

समजा दोन वेळची मेस महिन्याला ३,६०० रुपयांना आहे. तीस दिवसांची साठ जेवणं, म्हणजे ताट ६० रुपयांना पडलं असं वाटतं. आता वजाबाकी करा. बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, त्यामुळे चार जेवणं गेली. महिन्यातून दोनदा गावी गेलात तर शुक्रवारची रात्र, शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवारची दुपार अशी आठ गेली. आठवड्यातले दोन दिवस प्रॅक्टिकल दुपारी दोनपर्यंत चालतं आणि तुम्ही कँटीनमध्ये खाता, तीही आठ गेली. राहिली चाळीस. त्याच ताटाला तुम्ही ९० रुपये मोजताय. शेजारचा कुपनवाला (जेवाल तेवढीच कुपनं द्यायची) ताटाला ७५ रुपये सांगतो म्हणून तुम्ही त्याला महाग ठरवलं होतं, पण चाळीस कुपनांचे ३,००० होतात. जे वाचलं त्यात महिन्याची केळी, दूध आणि शेंगदाणे येतात.

उलट ज्याचं घर दूर आहे आणि जो दिवाळीशिवाय गावी जाणार नाही, त्याला महिन्याची मेसच परवडते. कुपन घेताना मुदत तेवढी विचारा. तीस कुपनं तीस दिवसांतच संपवायची अट असेल तर त्यात काही फायदा नाही, ४५ किंवा ६० दिवस मिळायला हवेत.

२. कोणत्या तऱ्हेची सोय तुम्हाला जमेल?

हॉस्टेलची मेस सक्तीची असेल तर प्रश्नच नाही, तुमची सगळी मेहनत पाचव्या पायरीवर करा.

घरगुती मेस नेरूळ, खारघर, कोपरखैरणेच्या सेक्टरांमध्ये भरपूर आहेत. कुणी काकू तळमजल्याच्या घरात दहा-पंधरा मुलांचं करतात. जमलं तर आपल्या मुलखाच्या हाताची मेस शोधा. सोलापूरच्या मुलाला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली की तो दोन घास जास्त जेवतो. बेलापूर, दिवाळे भागात आगरी-कोळी हाताचं जेवण मिळालं तर तांदळाची भाकरी आणि मासे आलेच. चवीचा मेळ ही चैन नव्हे. मेसचं बेचव म्हणून रोज रात्री चायनीज भेळ खाणारी मुलं मी दरवर्षी बघते, आणि मला त्यांची काळजी वाटते.

मेस चालत दहा मिनिटांच्या आत हवी. जुलैच्या पावसात दोन सेक्टर ओलांडून रात्री कुणी जेवायला जात नाही. खोलीतच मॅगी होते.

डबा लावायचा असेल तर एकच गोष्ट पक्की विचारा: अन्न शिजतं किती वाजता आणि माझ्या हातात येतं किती वाजता? सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडलात तर अन्न सात तास कोंदट डब्यात राहिलं. ५ ते ६० अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात डबा नेमका त्याच तापमानात असतो. नारळ घातलेली उसळ आणि भात सगळ्यात आधी आंबतात. दुपारी कॉलेजवर खायचं असेल तर सकाळच्या डब्यात पोळी, सुकी भाजी आणि चटणी घ्या. वरण-भात रात्रीसाठी ठेवा.

तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतला असेल तर स्वयंपाकाच्या मावशी हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे. भाजी तुम्ही आणता, तेल तुमचं, डाळ किती घट्ट ते तुम्ही सांगता. घरचा गॅस नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. इंडियन ऑइलचा 'छोटू' ओळखपत्र दाखवून घेता येतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

३. दोनदा जेवून बघा, वेगवेगळ्या वेळी

पहिल्या दिवशी मेस उघडताच जा. दुसऱ्यांदा बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा आणि वरण वाढताना वाटीकडे बघा. साडेसातला वरण वाटीच्या कडेला धरून राहतं. साडेनऊला त्याच वाटीचा तळ दिसत असेल तर मधल्या दोन तासांत पातेल्यात गरम पाणी पडलेलं आहे. शाकाहारी मुलाच्या ताटात प्रथिनांना त्या वरणाचा मोठा आधार असतो, म्हणून हे बघायचं. कडधान्य बोटाने दाबलं की पिठासारखं होत असेल आणि जिभेला साबणासारखी चव लागत असेल तर खाण्याचा सोडा सढळ पडतोय. सोड्याने शिजतं लवकर, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

आठवड्याचा मेनू मागून घ्या. मटकी, चवळी, मूग, हरभरा, वाटाणा यांपैकी काहीतरी निदान तीन-चार दिवस हवं, पालेभाजी दोनदा हवी. फ्लॉवर-बटाटा, वाटाणा-बटाटा आणि बटाटा रस्सा यांतच आठवडा संपत असेल तर पुढची मेस बघा. हात धुवायची जागा, पिण्याच्या पाण्याचं भांडं आणि खरकटं ठेवतात तो कोपरा यांवरही नजर टाका. खाद्यव्यवसायाला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. तिचा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो मागायला संकोच करू नका.

४. पैसे देण्याआधी बोलून घ्या

"काकू, खाडा धरता का?" हा पहिला प्रश्न, म्हणजे न जेवलेल्या वेळा हिशेबातून वजा करता का. किती दिवस आधी सांगायचं, सलग तीन दिवस गेलो तरच धरता की एका वेळचाही धरता, खाडा पैशांत वळता होतो की पुढच्या महिन्यात जेवणं वाढवून मिळतात, हे सगळं स्पष्ट करून घ्या आणि तेवढं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. पुढे कुरबुर होत नाही आणि काकूंनाही लक्षात राहतं.

बाकी प्रश्न पटकन होतात. पोळ्या मोजून की लागतील तेवढ्या? दही-ताक ताटात की वेगळे पैसे? श्रावणात अंडं-चिकन बंद असतं का? आजारी पडलो तर मऊ भात, मुगाची खिचडी मिळेल का? या शेवटच्या प्रश्नाला काकू मनापासून 'हो' म्हणाल्या तर इतर एक-दोन उणिवा पोटात घालायला हरकत नाही. अॅडव्हान्स एका महिन्याचाच द्या. पाच टक्के सवलतीसाठी अख्ख्या सहामाहीचे पैसे गुंतवू नका.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून नवी मुंबईसारख्या शहरात भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला साधारण २,६६७. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रवेश झाल्या झाल्या अर्जाची तारीख विचारा. ही रक्कम दरमहा हातात पडेल असं मात्र धरून चालू नका.

५. बाजूला काढलेला चौथा हिस्सा कसा वापरायचा

आता मुख्य काम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या मुलीला हे ४६ ग्रॅम झाले. मेसमध्ये दिवसभरात सहा पोळ्या, दोनदा भात, दोन वाट्या पातळ वरण आणि भाजी एवढं जेवलं तर अंदाजे पस्तीस ग्रॅम पोटात जातात. अकरा-बारा ग्रॅम कमी पडतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, मूठभर फुटाण्यांत सहा. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी रोज खाल्ल्या की हिशेब जुळतो. जिममधला मित्र सांगतो म्हणून पावडरच्या डब्यावर हजारो रुपये घालायची गरज नाही.

न्याहारी खोलीत करा. आठच्या लेक्चरला धावताना चहा-बिस्किटावर निघणारी मुलं अकराला समोसा खातात आणि मग दुपारच्या ताटावर त्यांची भूकच नसते. दही-पोह्यांना गॅस लागत नाही: जाड पोहे धुऊन दहा मिनिटं ठेवायचे, दही, मीठ, थोडी साखर, वरून शेंगदाणे. सातूचं पीठ दूध-गुळात कालवा. हॉस्टेलच्या नियमांत बसत असेल तर विजेच्या किटलीत अंडी उकडता येतात. मोड आलेले मूग पावसाळ्यात कच्चे खाऊ नका, वाफवून घ्या आणि लिंबू पिळा.

घरून काय मागवायचं हेही विचारपूर्वक सांगा. आई चिवडा आणि चकल्या भरून देते, मायेने देते. तिला जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी, मेतकूट आणि नाचणीचे किंवा शेंगदाण्याचे लाडू मागा. महिनाभर टिकतात. मेसची भाजी नकोशी झाली त्या रात्री मेतकूट-भात-तूप किंवा पोळी-चटणी-दही एवढ्यावर नीट जेवण होतं.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणं, वर्गात सतत झोप येणं, केस गळणं याला 'हॉस्टेलचं पाणी' म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा. महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ, ऐरोलीत आहेत. ताटात पालेभाजी किंवा उसळ असेल त्या दिवशी लिंबाची फोड मागून घ्या, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा त्याच्या उलट करतो, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा. पेरूत संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि हंगामात तो स्वस्तही असतो.

संध्याकाळी पाचला स्टेशनबाहेर वडापावचा वास येतो आणि पोटात कावळे ओरडत असतात. कधीतरी जरूर खा. रोजच्यासाठी सॅकमध्ये फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी आणि एक केळं ठेवा. रविवारच्या रात्रीचं शनिवारीच ठरवा. दुपारी मेसमध्ये फीस्ट झालेली असते, म्हणून रात्री दूध-केळी आणि दोन अंडी, किंवा चौघांत मिळून मुगाची खिचडी पुरे.

जेवायला एकटे जाऊ नका. घरची आठवण रात्रीच्या ताटावर सगळ्यात जास्त येते आणि एकटं माणूस दोन घासांत उठतं. कुणालातरी "नवाला खाली भेट" म्हणून ठेवा.

६. पाणी आणि पावसाळा

नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं आणि शुद्ध होऊन येतं. गडबड असते ती पीजीच्या, सोसायटीच्या टाकीत. टाकी कधी धुतली ते घरमालकाला विचारा. कावीळ आणि टायफॉइड दूषित पाण्यातून, अन्नातून होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर पाणीपुरी, रस्त्यावरचा बर्फ आणि कापून ठेवलेली फळं नकोत. पाण्याची बाटली स्वतःची ठेवा. लघवी गडद पिवळी, अन्नावरची वासना गेली, मळमळ होते असं दोन दिवस राहिलं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

याच दिवसांत पनवेल, बेलापूरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कर्टुली, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बसतात. स्वयंपाकाच्या मावशी असतील तर एकदा त्यांच्याकडून करून घ्या, कशी करायची ते विकणारीच सांगते.

७. महिन्याने पुन्हा हिशेब

पहिला महिना संपला की प्रत्यक्ष किती जेवणं झाली ते मोजा आणि प्लॅन बदलायचा असेल तर लगेच बदला, भिडेखातर चालू ठेवू नका. गणपतीत कितीतरी मेसवाल्या काकू स्वतः कोकणात जातात आणि दिवाळीत मेस आठ-पंधरा दिवस बंद राहते. त्या तारखा ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. दिवाळीनंतर लगेच परीक्षा असेल आणि तुम्ही खोलीवरच थांबणार असाल, तर त्या दिवसांत कोणाकडे ताट मिळेल तेही आताच बघून ठेवा आणि नंबर फोनमध्ये साठवा.