लॅपटॉप चोरीला जाण्याआधीची पाच मिनिटं

कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर पुण्याची गाडी लागली, जागा धरायला पुढं पळालो, आणि बाकावरची बॅग गेली. असं झाल्यावर लॅपटॉपचा माग काढणारं सॉफ्टवेअर शोधून उपयोग नाही. ते आधीच चालू असावं लागतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'फाइंड माय डिव्हाइस' आहे. ते चालू करा, लोकेशनही चालू ठेवा. मात्र लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन हवं. मग दुसऱ्या कुठल्याही फोनवरून त्याच खात्यात शिरून ठिकाण बघता येतं, लॅपटॉप लॉकही करता येतो. मर्यादा मोठी आहे: मशीन सुरू आणि इंटरनेटला जोडलेलं असेल तरच ठिकाण कळतं, आणि चोरानं विंडोज नव्यानं टाकलं की खेळ संपला. मॅकबुक इथं उजवं. 'फाइंड माय' जवळपासच्या अनोळखी आयफोनच्या ब्लूटूथवरूनही माग काढतं.

डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं काही उघडणार नाही. लॅपटॉप गेला तर गेला, निदान आतली कागदपत्रं तरी चोराच्या हाती लागणार नाहीत.

खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि बिल यांचे फोटो आजच स्वतःला मेल करा. एफआयआरमध्ये तो नंबर लिहून घ्या. चोरीला गेलेले मोबाइल बंद करणारं सरकारी सीईआयआर पोर्टल आयएमईआयवर, म्हणजे मोबाइलच्या ओळख क्रमांकावर चालतं, त्यामुळं साध्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही.

नकाशावर ठिपका गंगावेशीत दिसला म्हणून चार पोरं घेऊन तिकडं जाऊ नका. वाय-फायवरून काढलेला ठिपका शेजारच्या घरावरही पडतो. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडं द्या.