साठीनंतर स्वतःचं गाणं करायचंय? आधी पेटी उघडा

चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवली, आधी मुंबईला चाळीतल्या मंडळात आणि रिटायर झाल्यावर इथं वेंगुर्ल्याला, बुवा मागतील ती पट्टी दिली, पण स्वतःची एक ओळ कधी केली नव्हती. एकसष्टाव्या वर्षी सुरू केलं. आता दोन-चार गाणी मंडळात चालतात आणि कोणी ना कोणी विचारतंच की कसं जमवलंत, तर घ्या.

वही घेऊन बसू नका. मी बसलो होतो, समुद्र, माड, चांदणं, लाटा सगळं कोंबलं, बायको म्हणाली कॅलेंडरावरचं चित्र वाटतंय. आपल्यासारख्या वाजवणाऱ्यांचं डोकं बोटांत असतं, म्हणून चाल आधी. सोपा खेळ सांगतो. काळी तीनला, म्हणजे पेटीवर जिथे तीन काळ्या जवळजवळ आहेत त्यातल्या पहिलीला, सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरा, भूप राग मिळतो. त्याच पाच काळ्या, पण सा काळी एकला, म्हणजे दोनच्या जोडीतल्या पहिलीला, धरला की दुर्गा राग. चुकीचा सूर लागायची सोयच नाही, त्यामुळे हात धीट होतो. काही बरं सापडलं की मोबाईलवर लगेच रेकॉर्ड करा, सकाळपर्यंत लक्षात राहील हा गैरसमज आहे, आपल्या वयात तर नक्कीच. नंतर चाल आपल्या पट्टीत आणा. माझा आवाज काळी दोनवरून पांढरी एकला उतरलाय, त्यात लाज कसली.

आता शब्द. इथे अभंगाचं माप फार कामाला येतं. मोठ्या अभंगाला चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, जोडाक्षर एकच धरायचं. पावसात पडवीत बसून मी केलेलं हे बघा:

पागोळीचा नाद । पडवीत येतो ।
जुना ठेका घेतो । पखवाज ॥

फार थोर नाही, पण बोटं मोजून बघा, बसतंय. शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे जास्तीचा शब्द आपोआप गळतो, माझी कितीतरी विशेषणं तिथेच मेली, बरं झालं.

एक फजिती होणारच. माझी पहिली चाल मला इतकी आवडली की दोन दिवस हवेत होतो, तिसऱ्या दिवशी पखवाजवाला म्हणाला, "काका, ही आपलीच गवळण, नुसती सावकाश केल्यात." चोरी नव्हती हो, चाळीस वर्षांचं बोटांत साचलेलं बाहेर येतंच. उपाय म्हणजे ठेका बदला. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा, तेच शब्द दादऱ्यात बसवायला गेलात की ओळ नव्याने तोडावी लागते, जोर दुसऱ्याच अक्षरावर पडतो आणि चाल आपली आपण वेगळ्या वाटेला लागते. तरीही ओळखीची वाटली तर सरळ टाकून द्या.

विषय म्हणाल तर घरातला, बाजारातला. मी बांगड्याच्या भावावर एक केलं, त्यातलं गिऱ्हाईक माझ्यासारखंच, आधी भाव पाडतं आणि घरी जाऊन काट्यावरून कुरकुरतं. समुद्राच्या गाण्याला जांभया दिलेली माणसं ह्याला हसली.

पहिलं गाणं मोठं करू नका, गजर करा. एकच ओळ, बुवा म्हणणार, कोरस उचलणार. मंडळात देताना कोणाचं आहे ते सांगू नका, नाहीतर भिडेखातर सगळे छान म्हणतात. माझ्या एका ओळीवर टाळ वाजवणारा म्हणाला होता, "बरां हा, पण तोंडात बसणा नाय." ओळीत 'स्मृतिगंध' होता, काढला. तिसऱ्या फेरीपर्यंत कोरसने आपणहून उचललं नाही तर ओळ लांब आहे किंवा तारसप्तकात फार वर गेलीय, रात्री घरी येऊन कापा आणि दुसऱ्या दिवशी परत द्या, गणपतीत तशा रात्री भरपूर मिळतात.